सामान वर ठेवू, म्हणालास

पुणे,
१४ जून २०२५

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बुधवारी फोन ठेवल्यापासून ठरवत होते, लिहावं की नको. बाबा म्हणाले, मेसेज टाक. पण मेसेजमध्ये मला बोलता येत नाही आणि फोनवर आपण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. म्हणून वही काढली. सांगलीत तू घेतलेल्या तळमजल्याबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. फक्त माझ्या माहेरच्या वाड्याचं सांगते. तुला येता आलं नाही, तेव्हा कोणीतरी नीट सांगायला हवं.

वाडा गेला. सोमवारी, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, नदीच्या अंगाची शेवटची भिंत पाडली. या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच आला, त्यामुळे काम मध्ये आठ दिवस थांबलं होतं. छप्पर आधीच उतरवलेलं. माजघरात पाऊस पडताना मी पहिल्यांदा पाहिला. देवघराच्या कोनाड्यात पाणी साचलं होतं आणि त्यात निरांजनाची जुनी काजळी तरंगत होती. दादामामा समोरच्या दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून रोज बसायचा. मामी डबा घेऊन जायची. मी तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी बाबांनी जाऊ दिलं नाही.

पाडतात म्हणजे मला वाटलं होतं यंत्र आणतील आणि ढकलून देतील. तसं नसतं रे. जसा बांधला तसा उलटा उतरवतात. आधी कौलं. मंगळुरी कौलं ती. उलटी केली की आतल्या बाजूला बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हा आकडा. दादामामाला वाटत होतं कौलं १८६५ची आहेत. मी म्हटलं, नाही, ते कारखाना सुरू झाला त्याचं साल. मग रिपा, वासे, मग माडीचा कडीपाट. एकेका तुळईवर खडूने आकडे घातले होते, कारण सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने अंगावर घेतलं होतं. मातीचं मोल शून्य, लाकडाचं मोजून. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात खिळा नाही, लाकडाच्याच खुंट्या. त्या ठोकून काढताना मिस्त्री मला म्हणाला, आजी, हे बांधणाऱ्याला परत उतरवायचं होतं की काय. तो सहज बोलला, पण मला रात्रभर तेच ऐकू येत होतं.

दिंडीदरवाजावरची फळी दादामामाने घेतली. शके १८२६. म्हणजे १९०४. पणजोबांनी बांधला तेव्हा त्यांचं वय तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी जास्त असेल, इतकंच. ते वाईहून आलेले, कालव्याच्या खात्यात ओव्हरसीअर. इंग्रजांना रस्ते आणि कालवे बांधायला हाताखालची माणसं हवी होती, त्यासाठीच पुण्यात १८५४ साली त्यांनी इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू केले. पणजोबा तिथलेच. खडकवासल्याचं धरण ते नोकरीला लागायच्या आधीच उभं होतं. साहेब त्या तलावाला लेक फाइफ म्हणायचे, कर्नल फाइफ नावाच्या इंजिनिअरवरून. मुठेच्या उजव्या कालव्यावर पणजोबांनी घोड्यावरून फिरत जन्म काढला. घर त्या पगारावर बांधलं. वरची कमाई होती की नव्हती हे त्यांच्या मुलाला, तात्यांना, एकदा विचारलं होतं, त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

आणि प्लेग. तो विसरून चालणार नाही, कारण वाड्याच्या खिडक्या प्लेगातून आल्या आहेत. १८९७ साली प्लेगात पुणं ओस पडलं, लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले. रँडचे गोरे सोजीर घरात शिरून तपासण्या करत, सामान रस्त्यावर काढत, ते तू शाळेत शिकलास. आपल्या घरातलं शाळेत शिकवत नाहीत. पणजोबांची पहिली बायको आणि त्यांचा थोरला मुलगा त्या साली गेले, भाड्याच्या अंधाऱ्या दोन खोल्यांत. म्हणून जेव्हा स्वतःचं बांधायला घेतलं तेव्हा त्यांनी मिस्त्रीला एकच सांगितलं म्हणे, प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडकी पाहिजे, हवा खेळली पाहिजे. शेजारचे वाडे बघ, रस्त्याकडे आंधळ्या भिंती. आपल्या वाड्याला रस्त्याकडे सात खिडक्या, वर रंगीत काचा, आणि सज्जाला बीडाचं रेलिंग. आत मात्र सगळं जुन्या धाटणीचं. चौक, ओटी, माजघर, भिंतीत धान्याचं बळद, न्हाणीत बंब, परसात आड. लोक म्हणायचे बाहेरून बंगला आणि आतून वाडा. जागाही मुद्दाम नदीजवळची घेतली, वारा येतो म्हणून. एका संकटाची धास्ती घेऊन माणूस घर बांधतो आणि दुसरं संकट कुठून येणार ते त्याला कुठलं दिसायला.

बघ, आलेच तिथे. थांबते.

तू म्हणालास ते हिश्श्याचं आधी लिहिते, कारण ते जास्त लागलं. तू म्हणालास, आई, तू तुझा वाटा फुकट सोडलास, नाहीतर आज मी भाड्याच्या तळमजल्यावर राहिलो नसतो. सूनबाई मागून "अहो, जाऊ द्या" म्हणत होती ते मला ऐकू आलं. तिला सांग, मला राग आलेला नाही.

मी अडाणी म्हणून सही केली नाही. १९५६च्या कायद्याने मुलीचा बापाच्या मिळकतीत वाटा आहे हे मला चांगलं ठाऊक होतं, मी पस्तीस वर्षं शाळेत नोकरी केली आहे. माझे वडील, अण्णा, गेल्यावर निबंधकाच्या कचेरीत बसून हक्कसोडपत्रावर अंगठा आणि सही दोन्ही केलं, ते डोळे उघडे ठेवून. तेव्हा वाड्यात सहा भाडेकरू होते. एकाचं भाडं महिना अठरा रुपये, एकाचं अकरा. १९४७च्या कायद्याने गोठवलेलं. पुढे २०००पासून नवा भाडे कायदा लागू झाला, वर्षाला चार टक्के वाढवता येऊ लागलं. अकराचे किती होतात तूच बँकवाला आहेस, काढ. महापालिकेचा मिळकतकर त्याहून जास्त. दर पावसाळ्याला कौलं फिरवायची, त्याचे पैसे दादामामाने पीएफ मोडून भरले. वाटा मागायचा म्हणजे कशाचा? गळक्या छपराचा?

पण खरं कारण तेही नाही. खरं कारण तुझी मामी. तुझी आजी नऊ वर्षं अंथरुणावर होती. उजवं अंग लुळं. मी रविवारी जायची, केस विंचरून द्यायची, दोन तास गोड बोलायची आणि साडेपाचच्या बसने घरी. बाकीचे सहा दिवस आणि सात रात्री मामीच्या. तिने कधी बोलून दाखवलं नाही. सही करायच्या दिवशी तिने माझ्यासाठी आमरस करून ठेवला होता आणि तिच्या हाताला फिनेलचा वास होता. मी त्या हाताकडून वाटा कसा मागणार होते, सांग.

तुला आठवतं का, तू अकरा वर्षांचा होतास, सुट्टीत तिथे राहायचास आणि आजीला पेपर वाचून दाखवायचास. पहिल्या पानापासून नाही, शेवटून. आधी क्रिकेट, मग लहान जाहिराती, मग निधनवार्ता. आजीला निधनवार्ताच हव्या असायच्या. तुझ्या वाचनाचं ती माझ्याकडे कौतुक करायची, म्हणायची, याचे शब्द सुटे आहेत. परवा तुला शाखाधिकारी केलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं, आजी असायला हवी होती. बाबांनी सोसायटीत पेढे वाटले. हे तुला सांगितलंच नाही का? बुधवारी सांगायचं होतं, भांडणात राहून गेलं.

तर वाटा सोडल्याचा पश्चात्ताप मला सत्तावीस वर्षांत एकदाही झाला नाही. बुधवारी रात्री झाला. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं आहे ते खोडत नाही. तू कर्नाळ रोडला तळमजल्यावर राहतोस आणि छकुली खिडकीखालच्या गादीवर झोपते, हे कळलं तेव्हा झाला.

तू म्हणशील, पुन्हा तेच. हो, पुन्हा तेच. तू सगळं समजावून सांगितलंस आणि मी ऐकूनही घेतलं. सांगलीचा पूर फूट-फूट चढतो, आयर्विन पुलाची पातळी मोबाईलवर दर तासाला कळते, चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, माणसं हलवायला वेळ मिळतो. धरण फुटणं वेगळं आणि पूर येणं वेगळं. सगळं बरोबर असेल. मी भूगोलच शिकवत होते. कृष्णा आणि वारणा हरिपूरला मिळतात, वर कोयनेचं धरण आहे, हे मी फळ्यावर काढलेलं आहे. मी गप्प बसले असते. पण मग तू हसलास आणि म्हणालास, "आणि आलंच पाणी तर सामान वर उचलून ठेवू की, आई." त्यावर मी फोन ठेवला. लाइन गेली नव्हती. मी ठेवला.

आता तुला एक गोष्ट सांगते जी मी कधी सांगितली नाही. पानशेतच्या पुराच्या गोष्टी तू लहानपणी शंभर वेळा ऐकल्यास. जिन्यातून पाणी कसं वर आलं, तात्यांनी दिंडी उघडून गल्लीतली चाळीस माणसं कशी वर घेतली, ट्रंका आणि पाट चौकात कसे तरंगत होते, एका म्हशीने ओंकारेश्वराच्या बाजूने पोहत येऊन आमच्या सज्जाला मान कशी लावली. ती म्हैस तुला फार आवडायची. मी मुद्दामच म्हशीपाशी गोष्ट संपवायची.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी सात वर्षांची. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, म्हणून जुलै उजाडला तरी ज्येष्ठ संपलेला नव्हता, आणि त्या दिवशी अमावास्या होती. तिकडे वर पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधूनही झालेलं नव्हतं, दारं बसायची होती, आणि पाणी मात्र भरलं. आदल्या दिवशी बांध खचायला लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटलं. ती पोरं तिथे उभी राहिली नसती तर मी हे पत्र लिहायला नसते. हे सगळं नंतर कळलेलं. त्या सकाळी आम्हाला एवढंच कळलं की नदीला पाणी आलंय आणि शाळा नाही. मी आनंदाने उड्या मारल्या.

तात्या ओटीवर उभे राहून म्हणाले, इथवर येणार नाही. साठ वर्षं घर उभं आहे, पाणी कधी दिंडीच्या पायरीला लागलेलं नाही. मग पायरीला लागलं. तेव्हा म्हणाले, जोतं उंच आहे. मग खडकवासल्याचा भरवसा धरून बसले. ते धरण दगडी आहे, आमच्या आबांच्या खात्याचं आहे, ते वरचं पाणी अडवील. आणि खरंच रे, त्या जुन्या धरणाने ते पाणी तासन् तास अंगावर घेतलं. दुपारी ते फुटलं. पण तोवर आमच्या चौकात माझ्या डोक्यावर पाणी होतं. तात्या मूर्ख नव्हते. त्यांना नदीची आणि कालव्याची माहिती होती, आणि माहितीच्या जोरावरच ते चुकले. म्हणून मला तुझ्या मोबाईलवरच्या आकड्यांनी धीर येत नाही. रागावू नकोस.

आमच्या खाली, मागच्या दोन खोल्यांत, एक बिऱ्हाड होतं. आम्ही त्यांना खालच्या काकू म्हणायचो. काका छापखान्यात, सकाळच्या पाळीला गेलेले. दोन मुलगे, एक सहा वर्षांचा, एक तीन. पाणी पायरीला लागलं तेव्हा काकूंनी दोन्ही मुलं आईकडे वर पाठवली. धाकटा माझ्या मांडीवर. आई जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडत होती, अहो या वर. आणि काकू खालून म्हणाल्या, "आलेच, सामान जरा वर ठेवते."

तांदळाचं पोतं होतं आणि शिवणयंत्र होतं. त्या यंत्रावर त्या गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायच्या, त्यावर मुलांची फी निघायची. त्यांनी पोतं पलंगावर ठेवलं असणार, मग पलंग बुडायला लागला तेव्हा टेबलावर. पाणी गुडघ्याएवढं होतं. गुडघाभर पाण्यात कोण बुडतं? पण आपला वाडा लाकडाचा होता, भिंती पांढऱ्या मातीच्या. सागवान दोन दिवस पाण्यात उभं राहतं, माती नाही राहत. मागची भिंत आत आली. मला आवाज आठवतो. मोठा नव्हता. ओलं धान्य पोत्यातून सांडावं तसा.

चार दिवसांनी काढलं त्यांना. यंत्र टेबलावर होतं.

हे मी तुला सांगितलं नाही, बाबांनाही लग्नानंतर कित्येक वर्षांनी सांगितलं. त्या रात्री अमावास्येचा अंधार, दिवे गेलेले, माळ्यावर आम्ही पंचेचाळीस-पन्नास माणसं आणि एकच कंदील. धाकटा विचारत होता, आई कुठंय. मी सांगत होते, सामान ठेवतेय. कोणी शिकवलं नव्हतं मला, मीच सांगत होते. सात वर्षांची मुलगी दुसरं काय सांगणार?

पाणी रात्री ओसरलं. मग चिखल. माडीपर्यंत चिखल, त्यात साप, गाद्या, पोथ्या. खडकवासला गेल्यामुळे गावाला नळाचं पाणी नाही. तात्यांनी परसातला आड उपसून घेतला, परमँगनेट टाकलं, आणि महिनाभर सगळी गल्ली तिथून पाणी नेत होती. तात्या स्वतः रहाटावर उभे राहायचे. बोलायचे नाहीत. पुढे एक दिवस त्यांनी पटाशी घेतली आणि जिन्याजवळच्या खांबावर, पाण्याचा डाग जिथवर होता तिथे, आडवी खाच पाडली. खाली तारीख. तू लहानपणी त्या खाचेत बोट घालून विचारायचास, हे काय? मी सांगायची, इथवर म्हैस पोहली.

छापखान्यातले काका मुलांना घेऊन आधी सरकारने बांधलेल्या निसान हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या घरांत, राहिले, मग पूरग्रस्तांच्या सोसायटीत सहकारनगरला गेले. गेल्या महिन्यात वाडा पाडायला सुरुवात झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. सदुसष्ट वर्षांचे, हातात छत्री. दादामामाने ओळखलं नाही, मी ओळखलं. कानावरून. ते धाकटे. मागच्या खोल्यांची जमीन अजून शाबूत होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत जाऊन उभे राहिले. मजूर आपणहून थांबले. पाचेक मिनिटांनी आले, मला म्हणाले, "ताई, तुम्ही मला मांडीवर घेतलं होतं म्हणे." मी म्हटलं, हो. मग आम्ही समोर चहा घेतला आणि गुडघ्यांबद्दल बोललो. त्यांनी यंत्राचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता तू म्हणशील, आई, ही एकसष्ट सालची गोष्ट, मातीच्या भिंतीची. माझ्या घराला आरसीसी आहे. आहे ना, मान्य. पण गेल्या वर्षी २५ जुलैला आपल्या पुण्यातच, एकतानगरीत, आरसीसीच इमारती होत्या. धरणातून पाणी सोडलं आणि लोक पहाटे उठले तेव्हा खाली गाड्या बुडालेल्या. आणि २०१९? तुला मी सांगायला हवं का २०१९? तूच गेला होतास ना ब्लँकेटांचा ट्रक घेऊन, दोन रात्री न झोपता. आयर्विनला सत्तावन्न फूट पाणी, मारुती चौकात होड्या. परत आलास आणि दोन दिवस जेवला नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडून होतास. मी आणि बाबा दाराबाहेरून बघत होतो. घाबरलोही होतो, आणि मी देवापुढे बसून म्हटलं होतं, पोराला माया दिलीस, आता काही मागत नाही. त्याच गावात, त्याच बाजूला, माझ्या त्याच पोराने तळमजला घ्यावा? बँक जवळ आहे म्हणून? चार हजार भाडं कमी आहे म्हणून?

चार हजार मी देते. पेन्शन मिळते मला. तुला कमीपणा वाटत असेल तर छकुलीच्या नावाने देते.

झालं माझं भाषण. शाळेतल्या बाईसारखी लिहीत सुटले, माफ कर. तुला घर चालवायचं कळतं. सूनबाईला तर तुझ्याहून जास्त कळतं. दोघांनी जागा पाहून, विचार करूनच घेतली असेल. मी काल बाबांना म्हटलं, आपण आपली भीती मुलांच्या गळ्यात बांधतोय का? ते म्हणाले, बांध, पण एकदाच बांध. म्हणून हे एकदाच.

वाड्याचं राहिलं. तिथे आता सात मजली इमारत होईल. एकट्या आपल्या जागेवर होत नव्हती, शेजारच्या वाड्यालाही बरोबर घ्यावं लागलं, त्यात सहा वर्षं गेली. भाडेकरूंना प्रत्येकी एकेक फ्लॅट, दादामामाला दोन. खाली पार्किंग. तळमजल्यावर कोणी राहणार नाही, हे नकाशात पाहिल्यावर मला इतकं बरं वाटलं की बिल्डरच्या ऑफिसात डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलाला वाटलं माहेर जातंय म्हणून रडतायत. तेही होतंच.

आणखी एक. दादामामाने मला विचारलं, तुला काय हवं? हे वाटणी म्हणून नव्हतं, बहिणीला विचारतात तसं. मामी म्हणाली, झोपाळ्याच्या पितळी कड्या घ्या. मी खांब मागितला. अख्खा नाही, खाचेचा तुकडा. व्यापारी आधी तयार होईना, खांब कापला की त्याचं मोल जातं. मी त्याला खाच दाखवली आणि तारीख वाचून दाखवली. त्याने वाचली, काही बोलला नाही, करवत मागवली आणि पैसेही घेतले नाहीत. त्याचे वडील भवानी पेठेतून तेव्हा चिखल काढायला आले होते म्हणाला.

कापायच्या आधी मी टेप लावून मोजून घेतलं. माडीच्या जमिनीपासून खाच दीड वीत वर. खालच्या चौकापासून मोजली तर साडेअकरा फूट. तुझ्या हॉलची उंची किती आहे? साडेनऊ की दहा? मला मोजून कळव.

आणि रागावणार नसशील तर एवढं कर. शेजारी कोणी जुनं राहणारं असेल, सात-आठ वर्षं तिथेच असलेलं, त्यांच्या घरी छकुलीला घेऊन सहज जा. २०१९ला पाणी कुठवर आलं होतं विचार, आणि तोंडी नको, भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांग. घरमालकाला विचार की घर पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. तो सांगणार नाही कदाचित, पण विचारल्यावर त्याचा चेहरा बघ. घराची कागदपत्रं, छकुलीचं लसीकरणाचं कार्ड आणि सूनबाईचं मंगळसूत्र सोडून बाकीचे दागिने एका पिशवीत घालून दाराजवळ खुंटीला टांगून ठेव. आणि पातळी वाढायला लागली की ती पिशवी आणि माझी नात घेऊन बाहेर पड. फ्रिज जाऊ दे. गादी जाऊ दे. तुझी पुस्तकं जाऊ देत. वर उचलायला थांबू नकोस, बाळा. सूनबाईला थांबू देऊ नकोस. ती व्यवस्थित आहे, तिचा जीव होईल भांडी वर ठेवायला, मला तिचीच जास्त काळजी वाटते.

मी पुढच्या बुधवारी येते. स्वारगेटहून सकाळची एसटी धरीन. बाबा नाही येत, त्यांचा डोळा अजून लाल आहे. दोन दिवस राहीन आणि जागा दाखवणाऱ्या कोणाशी तरी बोलून ठेव, पहिला मजला चालेल, दुसरा असला तर बरं. मी गुडघ्यांचं काही बोलणार नाही, जिने चढीन. आमरस आटवून बरणीत घालून आणते, छकुलीला गोळी करून देता येईल. खांबाचा तुकडा गॅलरीत उन्हात ठेवला आहे. त्याला अजून मातीचा वास येतो.

सूनबाईला आशीर्वाद. छकुलीचे गालगुच्चे.

तुझी,
आई

ता. क. पत्र पाकिटात घालताना आठवलं. खिडकीखालची छकुलीची गादी आजच्या आज आतल्या खोलीत घे. बाकीचं मी आल्यावर बोलू.